सीतेच्या नावावर सातबारा

यवतमाळ जिल्ह्यातील एका ताईंचे चार पानी पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे पत्राचा फक्त गाभा येथे देत आहे.

‘माझे वय छत्तीस. दोन वर्षांपूर्वी यजमान हृदयविकाराने गेले. चौदा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि यजमानांच्या नावावरचे पाच एकर कोरडवाहू वावर एवढा संसार आहे. पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर मी स्वतः पाहते. गावात सगळे म्हणतात, बाई साक्षात सीता आहे. मागच्या महिन्यात दीर हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आले आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही तं सीतामाय, तुम्हाले कायले पाहिजे वावराची कटकट?” मी सही केली नाही, पण नाहीही म्हणू शकले नाही. महालक्ष्म्यांना उंबऱ्यातून आत आणण्याचा मान आता जावेकडे आहे. मी आणि सासूबाई चुलीपाशी असतो. मुलगी विचारते, “आई, सीता भुईत गेली, मंग तिनं काय कमावलं?” मोबाईलवर मी एका वक्त्यांची भाषणे ऐकते. प्रत्येक बाईच्या आत एक देवी असते, ती ओळखली की दुःख संपते, असे ते सांगतात आणि त्यांच्या तीन दिवसांच्या शिबिराची फी साडेसात हजार आहे. माझा भाऊ म्हणतो, पुराणे आणि देव हे सगळेच थोतांड. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप लागत नाही, तेव्हा मी गजानन महाराजांच्या फोटोपुढे बसून दिवसभराचे सांगते. हेही थोतांडच का? या कथा ठेवू की टाकू, आणि मुलीला काय सांगू?’

ताई, तुमच्या पत्रात कागदाची गोष्ट चार ओळींत उरकली आहे आणि कथांची गोष्ट तीन पानांवर आहे, तरीही मी कागदापासूनच सुरुवात करणार आहे, कारण कथांचा विचार करायला तुमच्याकडे आयुष्य आहे, पण सही एकदा झाली की ती परत घेता येत नाही. तो कागद तूर्त बाजूला ठेवा आणि कोणाच्याही आग्रहाखातर, कितीही गोड शब्दांत मागितली तरी, सही करू नका. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या मालमत्तेत त्याची पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे सर्व पहिल्या वर्गाचे आणि समान वाट्याचे वारस असतात. जमीन वडिलोपार्जित असेल तर वाट्यांचा हिशेब बदलतो, पण तुमचे नाव त्यातून जात नाही. मुले अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेली, असल्यामुळे त्यांच्या स्वतंत्र वाट्यावर पाणी सोडण्याचा अधिकार न्यायालयाच्या परवानगीशिवाय आई म्हणून तुम्हालाही नाही. वकिलाच्या फीची काळजी वाटत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत सल्ला मिळतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तो मला या कागदापासून वेगळा वाटत नाही, कारण तुमच्या दिरांनी कायद्याचा आधार घेतला नाही, धाक दाखवला नाही, पैसाही देऊ केला नाही. त्यांनी रामायणाचा आधार घेतला. एक जुनी कथा आज, मोबाईलच्या आणि ऑनलाइन सातबाऱ्याच्या काळात, पाच एकर जमिनीचा मालक बदलू शकते. म्हणून या कथांना आधुनिक जीवनात काही स्थान आहे का, हा प्रश्न मला जरा चुकीचा वाटतो. त्या आहेतच. त्या कोण सांगतो, कोणाला सांगतो आणि सांगून झाल्यावर काय करायला लावतो, एवढेच आपण तपासू शकतो.

तुमचे वक्ते ज्या विचाराची उसनवारी करतात, तो मुळात कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाचा (१८७५–१९६१) आहे. झुरिकच्या मनोरुग्णालयात काम करताना त्यांच्या असे लक्षात आले की, रुग्णांच्या स्वप्नांत आणि भासांत येणारी चित्रे अनेकदा फार जुन्या पुराणकथांशी जुळतात, मग त्या रुग्णाने ती पुराणे वाचलेली असोत वा नसोत. त्यावरून त्यांनी असे मांडले की, माणसाच्या वैयक्तिक नेणिवेखाली सर्व मानवजातीची एक सामूहिक नेणीव असते आणि आई, वीर, वृद्ध ज्ञानी, खोडकर लबाड अशा काही मूळ आकृत्या तिच्यात दडलेल्या असतात. मराठी समीक्षेत त्यांना आदिबंध म्हणतात. हा विचार मोहक आहे आणि साहित्य समजून घेताना उपयोगीही पडतो, पण रक्तातली साखर मोजावी तशी सामूहिक नेणीव मोजून दाखवता येत नाही, आणि मानसशास्त्रातील अनेक अभ्यासक ती आजही मान्य करत नाहीत. शिबिरांत हे सांगत नाहीत. त्याहून महत्त्वाची एक गोष्टही सांगत नाहीत. माणसाने आदिबंधाशी स्वतःला एकरूप मानले, म्हणजे ‘माझ्यात वीर आहे’ येथून ‘मीच वीर आहे’ येथपर्यंत तो पोचला, की त्याचे मन फुगते आणि त्याचे खरे, लहानसे, दमलेले माणूसपण त्याखाली चिरडले जाते, असा इशारा स्वतः युंग यांनीच दिला होता.

आपल्याकडे हे समजायला झुरिकला जाण्याची गरज नाही. महालक्ष्म्यांचे मुखवटे तुम्ही दरवर्षी पाहता. कोठीवर मुखवटा चढतो, लुगडे नेसवले जाते, वर फुलोरा बांधला जातो, सोळा भाज्या, पुरणपोळी आणि आंबील यांचा नैवेद्य होतो, आणि घरातली म्हातारी बाईसुद्धा पितळेच्या त्या तोंडाला ‘जेव माय’ म्हणते. तिसऱ्या दिवशी तोच मुखवटा उतरवून, जुन्या मऊ धोतराच्या कापडात गुंडाळून, ट्रंकेत ठेवला जातो. वर्षभर कोणी तो तोंडावर बांधून फिरत नाही. तुमच्या बाबतीत गावाने नेमके उलटे केले आहे: सीतेचा मुखवटा तुमच्यावर चढवला आणि उतरवायचे नाव काढत नाही, कारण मुखवट्याला भूक नसते, झोप नसते आणि सातबारा तर नसतोच.

या जागी मला गुलाबराव महाराजांची (१८८१–१९१५) आठवण होते. अमरावती जिल्ह्यातले हे अंध सत्पुरुष स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत, मंगळसूत्र घालत, कुंकू लावत. त्या काळच्या खेड्यात पुरुषाने असे वागणे म्हणजे काय असेल, याची कल्पना करा. ती भूमिका त्यांची त्यांनी घेतली होती, कोणी त्यांच्या गळ्यात घातली नव्हती, आणि तिच्या आडून कोणी त्यांच्याकडून काही काढून घेत नव्हते. तुमची सीता तुम्ही निवडलेली नाही. सगळा फरक तेवढाच आहे.

पण सीता टाकूनच द्यावी, असे मी म्हणणार नाही, कारण गावाला जी सीता माहीत आहे ती फार अपुरी आहे. सीता या शब्दाचा मूळ अर्थच नांगराने पडणारी रेघ असा आहे, जिला आपण तास म्हणतो. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात शेताच्या सूक्तात या सीतेलाच, म्हणजे नांगरटीच्या रेघेला, भरभरून पीक दे म्हणून विनवले आहे. जनकाला ती जमीन नांगरताना सापडली आणि शेवटी ती जमिनीतच गेली. जिचे नाव, जन्म आणि शेवट तिन्ही वावरातले आहेत, तिच्या नावाने एका बाईला वावर सोडायला सांगावे, यातला विरोधाभास तुमच्या दिरांच्या लक्षात आला नसावा. तो आपल्या आज्यांच्या मात्र लक्षात आला होता. जात्यावरच्या ओव्यांत त्यांनी सीतेला हिरकणी म्हटले आहे आणि राम तिच्या तोलाचा नाही, असेही बिनदिक्कत सांगितले आहे. पोथीतली सीता पुरुषांनी वाचून दाखवली. जात्यावरची सीता पहाटे, पीठ गळत असताना, बायकांनी एकमेकींना सांगितली.

तुमच्याच जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात, रावेरी नावाचे गाव आहे. तुम्ही कदाचित तेथे जाऊनही आला असाल. तेथे सीतेचे मंदिर आहे आणि ते एकट्या सीतेचे आहे. शेजारी राम नाही. लोक असे सांगतात की, रामाने टाकलेली गरोदर सीता या परिसरात आली, येथेच लव-कुश जन्मले, आणि बाळंतिणीने गावात पसाभर गहू मागितला तेव्हा गावाने तो दिला नाही. म्हणून तिने शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो पिकला नाही. वाल्मीकींच्या कथेत हे नाही. तेथे आश्रम आहे, ऋषी आहेत, गंगेचा काठ आहे. कोरडवाहू काळ्या मातीतल्या माणसांनी मात्र आपल्या गावाची कथा रचताना स्वतःला ऋषींच्या जागी बसवले नाही. ओल्या बाळंतिणीला मूठभर धान्य नाकारणाऱ्यांच्या जागी बसवले. आपल्याच गावाच्या कपाळावर असा ठपका शतकानुशतके सांभाळून ठेवणारी कथा मला फार मोठी वाटते.

ही कथा शेतकरी संघटनेचे शरद जोशी (१९३५–२०१५) यांना भिडली. एवढ्या मोठ्या राजाची राणी, पण घराबाहेर काढल्यावर तिच्या नावावर डोके टेकवायला चार हात जागा नव्हती, या जागी त्यांचे बोट थांबले. ऐंशीचे दशक संपता संपता संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला आणि शेतकऱ्यांनी आपल्या हयातीत, आपणहून, जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून द्यावा असे आवाहन केले. अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी ते ऐकले. रावेरीच्या पडक्या मंदिराच्या जीर्णोद्धारातही जोशींनीच पुढाकार घेतला. ज्या माणसाचे आयुष्य कापसाचे भाव, निर्यातबंदी आणि कर्जमुक्ती यांचा हिशेब मांडण्यात गेले, त्याला लोकांपर्यंत पोचायला शेवटी रामायणच लागले, आणि त्या रामायणातून निघाला तलाठ्याकडचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बदलण्याची नोंद. तुमच्या दिरांनी आणि जोशींनी एकच सीता घेतली. एकाने तिच्या नावाने सही मागितली, दुसऱ्याने तिच्या नावाने सही द्यायला सांगितले.

कथा ठेवू की टाकू, या प्रश्नाला माझे उत्तर हेच आहे. कथा खरी की खोटी हे ठरवत बसू नका. ती ऐकल्यावर तुमच्या हातून काय करवून घेतले जाते ते पाहा. ऐकून तुमचा आवाज बंद होत असेल, तर तुम्हाला ती अर्धीच सांगितली गेली आहे असे समजा आणि उरलेली अर्धी शोधा. सावित्रीचेच घ्या. वडाला सूत गुंडाळणारी एवढीच सावित्री आपल्याला दाखवली जाते, पण महाभारताच्या वनपर्वातली सावित्री ही पक्की वकील आहे: आधी सासऱ्याची दृष्टी मागितली, मग त्यांचे गेलेले राज्य, मग आपल्या वडिलांसाठी पुत्र, मग स्वतःसाठी शंभर पुत्र, आणि हे शेवटचे यमाने बेसावधपणे कबूल केल्यावर विचारले की नवरा नसताना हे व्हायचे कसे. दमयंती तर आपल्या विदर्भाचीच. नळाने रानात टाकल्यावर ती रडली जरूर, पण नंतर चेदीच्या राजवाड्यात सैरंध्री म्हणून राहिली, माहेरी परतल्यावर चारी दिशांना माणसे पाठवली आणि खोट्या स्वयंवराचा निरोप धाडून नळाला ओढून आणले. यातल्या एकीनेही ‘नाही’ म्हणायला महिना लावलेला नाही. हा टोमणा प्रेमाने घ्या.

शिबिराविषयी फार लिहीत नाही. साडेसात हजारांत तुमची बियाण्यांची आणि खताची पहिली खेप येते. तुमच्यात कोणती देवी आहे हे परक्या माणसाकडून पैसे देऊन समजून घ्यायचे, आणि तीही पुन्हा एक मुखवटाच असणार.

तुमच्या भावाशी मात्र माझे अर्धे भांडण आहे आणि अर्धी सहमती. त्यांचा संताप आपल्या भागात कसा येतो हे मला माहीत आहे. पेरणी उलटली की अंगारा देणारे, बोंडअळी आली की नारळ मागणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. टाकून देणे हा मार्गही हलका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या साक्षीने जुने देव जाहीरपणे नाकारले, पण त्यांनी जागा रिकामी सोडली नाही; तेथे बुद्ध आला, बावीस प्रतिज्ञा आल्या, आणि दरवर्षी एकत्र जमण्याचे ठिकाण आले. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) दुसरी वाट धरली: नवस-सायास आणि बोकडाचे बळी यांच्यावर कोरडे ओढायचे, आणि ते ओढायचे कीर्तनात, हातातला खराटा आणि ओठातला ‘गोपाला गोपाला’ न सोडता. दोघांनीही नुसते ‘थोतांड’ म्हणून पाठ फिरवली नाही. भाऊ जर तुमच्याकडून महाराजांचा फोटो काढून घेणार असतील, तर त्या जागी रात्री दोन वाजता ते स्वतः फोन उचलणार आहेत का, एवढे त्यांना विचारा.

महाराजांच्या फोटोपुढे बसून दिवसभराचे सांगता, त्यात मला दुबळेपणा दिसत नाही. ज्या घरात बाईला दमले म्हणायलाही जागा नाही, तेथे तिने अशी एक जागा काढली, जेथे तिला सीता व्हावे लागत नाही. महाराजांपुढे तुम्ही चिडत असाल, रडत असाल, दिरांना शिव्याही देत असाल, आणि तेच अध्यात्माचे काम आहे असे मला वाटते. पण झोपेचे वेगळे सांगते. दोन-दोन वाजेपर्यंतचे जागरण आठवडेच्या आठवडे चालत असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ती शरीर-मनाची तक्रार आहे. १४४१६ या शासकीय टेलिमानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येते. महाराजांना याचा राग येणार नाही.

मुलीच्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नका. चौदाव्या वर्षी तिने जे विचारले, ते भल्याभल्यांना सुचत नाही. ‘सीता महान होती’ असे सांगितलेत तर ती पुन्हा विचारणार नाही, आणि ‘ते सगळे खोटे’ म्हटलेत तर आजीच्या ओव्याही त्याबरोबर जातील. तिला घेऊन एखाद्या रविवारी रावेरीला जा. एकटी सीता पाहू द्या, गव्हाची कथा तेथल्या एखाद्या म्हातारीच्या तोंडून ऐकू द्या, आणि परतताना एसटीत तिला विचारा की तिला काय वाटले. माझ्या आत्याला मी लहानपणी असेच काहीतरी विचारले होते. ती पुरण वाटत होती. पाट्यावरचा हात न थांबवता ती म्हणाली, ‘मले तं वाटते, तिनं भुईले जाब विचारला असन, का माय, एवढे दिवस कुठी होती?’ मला ते तेव्हा कळले नाही. आत्याही बाविसाव्या वर्षी विधवा झालेली होती, आणि महालक्ष्म्यांचे सोळा भाज्यांचे ताट तिच्याशिवाय होत नसे, पण त्या खोलीत ती नैवेद्य उचलून झाल्यावरच जाई.

म्हणून महालक्ष्म्यांविषयी जाता जाता नव्हे, तर नीट बोला, आणि ते आधी सासूबाईंशी बोला. तुमच्या पत्रात त्या दोनच वाक्यांत येतात, पण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तुमच्या सर्वांत जवळच्या त्याच आहेत: कायद्याने त्या तुमच्याइतक्याच वारस आहेत, आणि चुलीपाशी तुमच्या शेजारी त्याही बसतात. त्यांनी आयुष्यभर पाळलेली रीत तुम्ही एकदम मोडली तर त्यांना आपले आयुष्यच मोडल्यासारखे वाटेल. पण ‘आई, यंदा आपण दोघी मिळून आणू’ असे म्हटलेत, तर काय होईल ते सांगता येत नाही. विधवांना मान नाकारणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनाही तसेच करण्याचे आवाहन केले, हे जावेला ऐकवण्यासाठी नाही, सासूबाईंना धीर यावा म्हणून सांगा. आणि जावेशी वैर धरू नका. मान तिने मागितला नव्हता, रीतीने तिच्या ओंजळीत टाकला आहे.

उंबऱ्यावर महालक्ष्मीला आत घेताना ‘कोण आली’ असे विचारतात, आणि कुंकवाच्या पावलांवरून येणारी सांगते, ‘महालक्ष्मी आली, धनधान्याच्या पावलांनी आली.’ यंदा भाद्रपदात ते उत्तर कोण देईल ते तुम्ही दोघी ठरवा, पण त्याआधी, याच आठवड्यात, तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज द्या. सोबत यजमानांच्या मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि चालू सातबारा लागेल. तुमचे, दोन्ही मुलांचे आणि सासूबाईंचे अशी चारही नावे लिहा, एकही गाळू नका. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत आली तर घाबरू नका, मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी होते आणि तेथे बोलायला तुमच्याकडे दोन हंगामांच्या पऱ्हाटीचा हिशेब आहे. अर्ज दिल्यावर तारीख आणि शिक्का असलेली पोच मागून घ्या, आणि ती मुखवट्यांच्या ट्रंकेत ठेवा.